रबाळ्याचा कारखाना आणि मालमत्तेच्या उलाढालीचा हिशेब : एका सल्लासेवेचा अनुभव

ठाण्यात नौपाड्याला कार्यालय असलेल्या एका तीन माणसांच्या सल्लागार संस्थेकडून आम्ही गेल्या वर्षी आमच्या कारखान्याची ‘मालमत्ता वापर तपासणी’ करून घेतली. शुल्क 85 हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 1 लाख 300 रुपये मोजले. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे तक्रारीही बऱ्याच येणार आहेत. शिवाय अशी सेवा देणारे ठाण्यात आणि नवी मुंबईत अनेक जण आहेत, आणि लहान कारखानदाराने त्यांच्याकडून नेमके काय मागावे आणि कशासाठी पैसे मोजू नयेत, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

आमचा कारखाना रबाळे एमआयडीसीत आहे. वडिलांनी 1984 मध्ये घेतलेल्या प्लॉटवर आज चार सीएनसी लेथ आणि तीन व्हीएमसी (दोन्ही संगणकाच्या सूचनांवर धातू कापून भाग घडवणारी मशिन) आहेत, 26 माणसे आहेत, आणि पंप व व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांना लागणारे भाग आम्ही दोन शिफ्टमध्ये तयार करतो. गेल्या वर्षी माल वेळेवर जात नव्हता, म्हणून माझ्या भावाने चौथ्या व्हीएमसीचे 52 लाखांचे कोटेशन मागवले होते. कर्जासाठी बँकेत गेलो तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी सहज विचारले, “आहेत त्या मशिनवर किती विक्री काढता?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. विक्री किती आणि नफा किती हे तोंडपाठ होते. पण विक्री कशाच्या जोरावर निघते, याचा आकडा आमच्याकडे नव्हता.

हा आकडा काढणे तसे सोपे आहे. वर्षाची निव्वळ विक्री घ्यायची, वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या एकूण मालमत्तेची सरासरी घ्यायची, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. यालाच मालमत्ता उलाढाल गुणोत्तर म्हणतात. 2024-25 मध्ये आमची विक्री जीएसटी वगळून 7 कोटी 20 लाख होती. मालमत्ता एप्रिलमध्ये 4 कोटी 60 लाख आणि मार्चअखेर 5 कोटी 40 लाख, म्हणजे सरासरी 5 कोटी. गुणोत्तर आले 1.44. कारखान्यात अडकलेल्या प्रत्येक रुपयामागे वर्षाला 1 रुपया 44 पैशांची विक्री होते, असा त्याचा अर्थ. व्याज आणि कर जाण्यापूर्वीचा आमचा नफा विक्रीच्या 9 टक्के होता. 9 ला 1.44 ने गुणले की मालमत्तेवरचा परतावा साधारण 13 टक्के येतो. नफ्याचे प्रमाण आणि उलाढालीचा वेग यांचा असा गुणाकार करून धंदा तपासण्याची पद्धत अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत शंभर वर्षांपूर्वी डोनाल्डसन ब्राउन यांनी रूढ केली, आणि आजही ती त्याच कंपनीच्या नावाने ओळखली जाते. बँकेचे व्याज 10 टक्क्यांच्या वर असताना 13 टक्के ही काही ऐटीत सांगण्याजोगी गोष्ट नाही. भावाच्या चौथ्या मशिनचा प्रश्नही याच आकड्याने निराळा दिसू लागला, कारण 52 लाखांची मालमत्ता वाढवून गुणोत्तर आहे तेथेच ठेवायचे म्हटले तरी वर्षाला 75 लाखांची जादा विक्री हवी होती.

येथपर्यंत संस्थेने जे केले ते कोणताही बरा हिशेबनीस अर्ध्या दिवसात करून देईल. तक्रार सुरू होते ती त्यानंतर हाती आलेल्या 64 पानांच्या अहवालापासून. त्यात आमचे 1.44 हे गुणोत्तर शेअर बाजारात नोंदलेल्या ‘अभियांत्रिकी’ कंपन्यांच्या सरासरीशेजारी ठेवून लाल-हिरव्या रंगांत आलेख काढले होते. ही तुलना जवळजवळ निरर्थक आहे. पोलाद किंवा सिमेंटच्या कारखान्यात विक्रीचा पहिला रुपया दिसण्याआधी भट्ट्या, गिरण्या आणि वीज यांवर प्रचंड भांडवल घालावे लागते, त्यामुळे तेथे गुणोत्तर मुळातच कमी असते. बाहेरून भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्याचे ते आपोआप जास्त दिसते. एकाच शीर्षकाखाली ही दोन्ही माणसे बसवून काढलेली सरासरी रबाळ्याच्या जॉबशॉपला, म्हणजे ऑर्डरप्रमाणे सुटे भाग करून देणाऱ्या कारखान्याला, काय शिकवणार? माझ्या मते लहान कारखान्याने तुलना करावी ती स्वतःच्याच मागच्या पाच वर्षांशी, आणि तीही डोळे उघडे ठेवून. आमच्या पाच वर्षांत 2020-21 येत होते. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशातल्या कारखानदारीचा क्षमता वापर 47.3 टक्क्यांवर आला होता, जो अलीकडच्या वर्षांत साधारण पंचाहत्तरीच्या आसपास असतो. मशिन जागच्या जागी आणि विक्री गायब, अशा त्या वर्षाशी तुलना केली तर कोणताही कारखाना प्रगतिपथावरच दिसेल. अहवालात मात्र तेच वर्ष पायाभूत धरले होते, आणि ते बदलून घ्यायला मला दोनदा लिहावे लागले.

जाता जाता एक गंमत सांगते. 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटी, लघुउद्योगाची 25 आणि 100 कोटी, मध्यमाची 125 आणि 500 कोटी अशी आहे. तिन्ही ठिकाणी प्रमाण एकास चार. काही जण यावरून ‘सरकारला चारपट उलाढाल अपेक्षित आहे’ असा निष्कर्ष काढतात, पण तो चुकीचा आहे. या केवळ वरच्या मर्यादा आहेत, आणि त्यातील गुंतवणूक म्हणजे यंत्रसामग्री व उपकरणांची घसारा (झिजेपोटी दरवर्षी वजा होणारी रक्कम) जाऊन उरलेली किंमत. जमीन, इमारत, माल आणि येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) त्यात धरत नाहीत.

दुसरी गफलत याहून नाजूक होती. आमच्या कामाचे दोन प्रकार आहेत. काही गिऱ्हाइके स्वतःचे मटेरियल पाठवतात आणि आम्ही फक्त मजुरीचे बिल करतो. काहींना आम्ही मटेरियलसह भाग देतो. समजा एका शाफ्टची मटेरियलसह किंमत 2,000 रुपये आहे आणि त्यातले 1,300 रुपये पोलादाचे आहेत. तोच शाफ्ट मजुरीवर केला तर बिल होते 700 रुपयांचे. मशिन तेच, ऑपरेटर तोच, वेळही तितकाच, पण विक्री जवळजवळ तिप्पट दिसते. उद्या मी सगळी कामे मटेरियलसह घेऊ लागले, तर मशिन एक मिनिटही जास्त न चालवता गुणोत्तर फुगेल. म्हणून जॉबवर्क करणाऱ्याने विक्रीतून मटेरियल वजा करून उरलेली रक्कम मालमत्तेशी ताडून पाहावी. हे संस्थेतल्या ज्येष्ठ सल्लागारांना मी विचारले तेव्हा त्यांनी लगेच मान्य केले; पण अहवाल त्यांच्या कनिष्ठ सहकाऱ्याने तयार साच्यातून काढला होता, आणि साच्यात तो रकानाच नव्हता.

घसाऱ्याचेही तसेच. आमची भागीदारी संस्था असल्यामुळे वहीतही आयकराचाच दर, म्हणजे यंत्रांवर घटत्या किमतीवर वर्षाला 15 टक्के, लावला जातो. एप्रिल 2009 मध्ये 28 लाखांना घेतलेली व्हीएमसी, अतिरिक्त घसारा बाजूला ठेवला तरी, मार्च 2025 च्या वहीत सुमारे 2 लाख 8 हजारांची उरते. भागाकारातला खालचा आकडा दरवर्षी असा आपोआप आटत जातो आणि काही न करता गुणोत्तर सुधारत राहते. ज्याने नवे मशिन घेतले तो कागदावर आळशी दिसतो, आणि ज्याने वीस वर्षांत काहीच घेतले नाही तो चलाख ठरतो. हे अहवालात चांगले मांडले होते, मूळ खरेदी किंमत धरून दुसरे गुणोत्तरही काढून दिले होते, आणि त्याबद्दल मी त्यांना पुरे गुण देते.

प्लॉटच्या बाबतीत मात्र त्यांनी जो प्रश्न विचारला त्याने घरात चार दिवस वाद झाले. वडिलांनी घेतलेली ही भाडेपट्ट्याची जमीन वहीत 1 लाख 90 हजारांना पडून आहे. आजचा भाव धरला तर आमचे 1.44 हे गुणोत्तर इतके खाली येते की ते मी येथे लिहीत नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये हा हिशेब अनेकांनी फार पूर्वीच केला; जेथे लेथ फिरत होते तेथे आता काचेच्या इमारती आहेत आणि मालक भाड्यावर निवांत आहेत. आमच्या बाजूलाही ऐरोलीपासून महापेपर्यंत डेटा सेंटर उभी राहत आहेत. सल्लागारांनी प्रश्न विचारणे योग्यच होते, आम्ही तो बाजूला ठेवला हाही आमचा हक्क होता. एवढे मात्र खरे की गाळ्याच्या एखाद्या कोपऱ्याचे भाडे येत असेल तर ते विक्रीत मिसळून गुणोत्तर सजवू नये.

सर्वांत राग आला तो येणे बाकीच्या पानाचा. आमची सरासरी येणी दीड कोटी होती, आणि अहवालात विक्रीशी भागून ‘वसुलीस 76 दिवस लागतात’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. आमच्या हिशेबनीस बाईंनी ते पान पाहताक्षणी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “ताई, येण्यात जीएसटी आहे आणि विक्रीत नाही.” तेवढे एकच वाक्य. दोन्हीकडे 18 टक्के कर धरला की दिवस 64 होतात. बारा दिवसांचा फरक लहान नव्हे. त्या 76 च्या आधारावर पुढे तीन पाने उपदेश होता. लाख रुपये घेणाऱ्यांनी ही चूक करू नये.

वेळेबाबतही समाधान नाही. चार आठवड्यांत अहवाल देण्याचे ठरले होते, तो अकरा आठवड्यांनी आला. पहिल्या भेटीला तर त्यांची माणसे शुक्रवारी आली आणि कुलूप पाहून परत गेली, कारण आमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते आणि कामाच्या पत्रात ते लिहिलेले होते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग. पॅकेजमध्ये चार दिवसांची प्रत्यक्ष पाहणी होती आणि ती साठीच्या घरातल्या त्या ज्येष्ठ सल्लागारांनी स्वतः केली. लॅपटॉप नाही, टॅब नाही. रेघी वही, पेन्सिल आणि मनगटावरचे घड्याळ घेऊन ते दुसऱ्या क्रमांकाच्या व्हीएमसीसमोर एका उपड्या क्रेटवर बसले. पहिल्या तासाभरात आमचे जुने ऑपरेटर अस्वस्थ झाले. शेवटी ते म्हणालेच, “साहेब, मशिन बंद दिसतंय, पण मी मोकळा नाही हो. माझी धावपळ चालूच असते.” त्यावर सल्लागार म्हणाले, “काका, तुमचं काम मी मोजत नाही. मशिनचं मोजतोय.” पुढचे चार दिवस काकांनी त्यांना स्वतःहून सगळे दाखवले.

त्यातला एक प्रसंग मी स्वतः पाहिला. व्हॉल्व्हच्या बॉनेटचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, नवा लॉट लागला होता. 11 वाजून 40 मिनिटांनी पहिला नग निघाला, काकांनी तो फडक्याने पुसला आणि तपासणीसाठी वर नेला, कारण आमचा तपासणी विभाग पोटमाळ्यावर आहे. तेथे उंची मोजण्याचा हाइट गेज कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली इन्स्पेक्टरच्या खिशात, आणि इन्स्पेक्टर एका गिऱ्हाइकाशी फोनवर. नग मंजूर होऊन खाली आला तेव्हा 12 वाजून 22 मिनिटे झाली होती. 42 मिनिटे मशिन उभे होते, आणि मोजायला लागली होती जेमतेम तीन मिनिटे. त्या कुलपाचा हुकूम माझाच होता. तीन वर्षांपूर्वी एक गेज पडून खराब झाला तेव्हा मी तो काढला होता.

चार दिवसांच्या सरासरीने दोन शिफ्टच्या 16 तासांचा जो हिशेब निघाला तो असा की स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा दांडा, प्रत्यक्ष धातू कापत होता 6 तास 10 मिनिटे. सेटिंगला, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशिन तयार करायला, 3 तास 20 मिनिटे, पहिल्या नगाच्या तपासणीची वाट पाहण्यात पावणेदोन तास, मटेरियल आणि ट्रॉलीसाठी सव्वा तास, टूल शोधण्यात 50 मिनिटे, आणि उरलेला वेळ जेवण, चहा व किरकोळ कारणांत गेला. मशिन भरून वाहते आहे असे आम्ही दोघे शपथेवर सांगत होतो, त्याच मशिनचा कापण्याचा वेळ 39 टक्केही नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या क्षमता वापराच्या टक्केवारीशी या आकड्याची तुलना करू नका, कारण दोन्ही मोजमापे वेगळी आहेत, हे सल्लागारांनी न विचारता बजावले. जपानमध्ये सेइची नाकाजिमा यांनी मांडलेल्या यंत्र परिणामकारकतेच्या सूत्रात मशिनची उपलब्धता, वेग आणि निर्दोष मालाचे प्रमाण यांचा गुणाकार करतात आणि 85 टक्के हा उत्तम कारखान्याचा दाखला मानतात. सुट्या-सुट्या लहान लॉटच्या जॉबशॉपने त्या 85 च्या मागे धावू नये, असेही त्यांनी सांगितले, आणि मला ते पटले.

उपाय साधे निघाले. सरफेस प्लेट (ज्यावर नग ठेवून मोजतात ती सपाट लादी) आणि हाइट गेज मशिनच्या शेजारी आले, पहिला नग तपासण्याचा अधिकार दोन ऑपरेटरांना शिकवून दिला, आणि पुढच्या जॉबचे फिक्स्चर (नग पकडून ठेवणारा साचा), क्लॅम्प व टूल चालू जॉब संपण्यापूर्वीच ट्रॉलीवर मांडून ठेवायचे ठरले. मशिन थांबवूनच करावी लागणारी कामे आणि मशिन चालू असताना उरकता येणारी कामे वेगळी करायची, ही शिगेओ शिंगो यांची जुनी जपानी पद्धत. आमच्याकडे तिला ‘ट्रॉली लावणे’ एवढेच नाव पडले आहे. दोन महिन्यांत त्या मशिनवर तपासणीची वाट 35 मिनिटांवर आणि सेटिंग 2 तास 10 मिनिटांवर आले, आणि कापण्याचा वेळ साडेआठ तासांपर्यंत गेला. तिसऱ्या मशिनवर फरक थोडा कमी पडला, तरी तिन्ही मिळून दिवसाला साडेसहा तासांच्या आसपास वाढ झाली. चौथी व्हीएमसी आणून आम्ही आमच्याच जुन्या पद्धतीने चालवली असती, तर 52 लाख मोजून 6 तास 10 मिनिटेच मिळाली असती. भावाने कोटेशन फाइलला लावून ठेवले आहे. ते रद्द केले असे म्हणायला तो तयार नाही.

मालाच्या साठ्याबद्दलचा सल्लाही कामाचा होता. 1 कोटी 10 लाखांच्या साठ्यात 23 लाखांचा माल वर्षभर हललेला नव्हता. ईएन 8 या पोलादाचे जुने बार, एका रद्द झालेल्या ऑर्डरचे तयार नग आणि ‘कधीतरी लागतील’ म्हणून ठेवलेले एसएस 316 या स्टेनलेस स्टीलचे तुकडे. कळंबोलीचा पोलाद बाजार इतक्या जवळ असताना तीन महिन्यांचे बार रॅकवर कशाला, या प्रश्नाला आमच्याकडे ‘भाव वाढतील’ याखेरीज उत्तर नव्हते. बार परत विकले, नगांचे भंगार केले. नुकसान झाले, पण रॅक मोकळे झाले आणि तेथेच ती सरफेस प्लेट बसली.

वसुलीच्या बाबतीत त्यांनी 1961 च्या आयकर कायद्याच्या 43 ब (एच) या तरतुदीची आठवण दिली. सूक्ष्म व लघु उद्योगांना लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर ती रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येते. कागदावर हे भक्कम आहे. प्रत्यक्षात मोठ्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवणे म्हणजे पुढच्या ऑर्डरवर पाणी सोडणे, हे प्रत्येक पुरवठादार जाणतो. त्यामानाने ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिले वटवण्याची, म्हणजे थोडी कात देऊन मुदतीआधी पैसे घेण्याची, सूचना व्यवहार्य ठरली, कारण 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तेथे नोंदणी करणे 31 मार्च 2025 पर्यंत बंधनकारक झाले होते आणि आमची दोन गिऱ्हाइके त्यात बसत होती. अर्थात बिल लवकर वटले की येणी घटतात आणि गुणोत्तर सुधारते, पण वटणावळ आपल्या नफ्यातून जाते. एका हाताने उलाढाल वाढवून दुसऱ्या हाताने नफा कमी होत नाही ना, हे पाहूनच आम्ही फक्त एका गिऱ्हाइकाची बिले तेथे टाकतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 या तिमाहीत आमची विक्री 2 कोटी 6 लाख झाली. आदल्या वर्षी याच तिमाहीत ती 1 कोटी 78 लाख होती. मालमत्ता सरासरी 4 कोटी 85 लाख धरून वर्षाच्या दराने गुणोत्तर 1.7 च्या जवळ येते. यातला काही वाटा एका गिऱ्हाइकाच्या अडकलेल्या ऑर्डर एकदम सुटल्याचा आहे, म्हणून सगळे श्रेय या सेवेला देता येणार नाही.

ज्यांच्याकडे चार-पाच मशिन आहेत आणि पाचवे-सहावे घेण्याचा विचार चालू आहे, त्यांनी अशी सेवा मशिन घेण्यापूर्वी अवश्य घ्यावी. ज्यांच्याकडे ऑर्डरच कमी आहेत त्यांना तिचा उपयोग नाही, कारण रिकामा वेळ वाढवून विक्री वाढत नाही. सेवा घेताना पाहणी कोण करणार त्या माणसाचे नाव कामाच्या पत्रात लिहून घ्यावे, तुलना कोणाशी करणार हे आधी विचारावे, आणि अहवालाचा मसुदा आपल्या हिशेबनिसाने वाचल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. आम्ही तो आधीच देऊन बसलो होतो.

यंदा संस्थेने संपूर्ण पॅकेज पुन्हा देऊ केले, ते आम्ही नाकारले. त्याऐवजी दर तिमाहीला दोन दिवसांची पाहणी, अहवाल नाही, आलेख नाहीत, फक्त वहीची झेरॉक्स, अशी 18 हजारांची बोली ठरली आहे. ज्येष्ठ सल्लागार या वेळी सीएनसी लेथसमोर बसणार आहेत, आणि वार त्यांनी स्वतःच फोन करून विचारून घेतला.